पुढचा दात गेला, तर कोणता बसवायचा?

आपल्या रेडिओवर गटाच्या वतीने आम्ही बोलायला येतो, तेव्हा बहुतेक वेळा विषय असतो शेळीपालनाचा, हप्त्यांचा, नाहीतर बँकेच्या कागदपत्रांचा. आजचा विषय वेगळा आहे. आज आम्ही दाताबद्दल बोलणार आहोत. तोही दाढेबद्दल नाही, तर समोर दिसणाऱ्या पटाशीच्या दाताबद्दल. तुमच्यापैकी कोणाला वाटेल, यात काय एवढं बोलायचं? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण या एका दातापायी आमच्या गटाची सचिव आमच्या हातून जायची वेळ आली होती. म्हणून म्हटलं, ही गोष्ट सगळ्यांना सांगावी.

आमच्या सचिव ताईंनी आम्हाला सांगून ठेवलंय, "गोष्ट सांगा, पण नाव घेऊ नका." तेव्हा त्यांना आपण नुसतं ताई म्हणू.

उन्हाळ्याचे दिवस होते. हापशावर गर्दी होती. एक पोरगी हापसत होती, ताई खाली वाकून हंडा सरकवत होत्या. पोरीच्या हातातून दांडा सुटला आणि थेट ताईंच्या तोंडावर आला. ओठ फुटला, रक्त आलं. ओठ आठ दिवसांत बरा झाला. पण वरचा पुढचा उजवा दात अर्धा तुटला होता. घरी सगळे म्हणाले, "डोळा वाचला, नशीब समज." ताईंनीही तेच समजून घेतलं. जून तोंडावर आलेला, लेकरांची वह्या-पुस्तकं, बी-बियाणं. त्यात दाताला पैसे कोण काढणार?

त्यानंतर आम्हाला हळूहळू फरक जाणवायला लागला. ताई बोलताना तोंडावर पदर धरू लागल्या. हसल्या तरी हात तोंडाशी. शाळेत आपल्याला शिकवलं होतं बघा, त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य वर्ण. म्हणजे जीभ दाताला लागली की उमटणारे. पुढचा दात नसला की हेच वर्ण घसरतात. ताई प्रोसिडिंग वाचायला लागल्या की 'सदस्य', 'बचत', 'सर्वानुमते' या शब्दांवर अडखळायच्या. एका बैठकीत कोणीतरी फिस्सकन हसलं. वाईट हेतू नव्हता. पण ताई पुढच्या तीन बैठकांना आल्याच नाहीत. चौथ्या बैठकीला निरोप पाठवला, "मला सचिवपदातून मोकळं करा."

ज्या बाईने बँकेत मॅनेजरसमोर उभं राहून गटाचं कर्ज मंजूर करून आणलं, तिने एका दातासाठी गट सोडायचा? आम्ही तिघी-चौघी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा खरी गोष्ट कळली.

मधल्या काळात तुटलेला दात काळा पडला होता, ठणकतही होता. ताई आठवडी बाजारात गेल्या, तिथे रस्त्याच्या कडेला एक दातवाला बसतो. त्याच्यापुढे काचेच्या पेटीत दात मांडलेले असतात. तो म्हणाला, "दवाखान्यात हजारो रुपये घेतील. मी दहा मिनिटांत नवा दात लावून देतो, तीनशे रुपये." त्याने तुटक्या दातावर प्लास्टिकचा दात ठेवला, वरून कसली तरी पूड आणि पातळ औषध कालवून त्याचा लगदा थापला आणि तो दोन्ही बाजूच्या चांगल्या दातांना चिकटवून टाकला. आरशात बघितलं तर दात भरलेला. ताई खूश झाल्या.

चार महिन्यांत तोंडाला वास यायला लागला. हिरडी सुजली, पू यायला लागला. तो चिकटवलेला दात काढता येत नाही, की त्याच्याखाली ब्रश जात नाही. खालचं अन्न कुजत राहिलं. तुटलेल्या दाताच्या मुळाशी गळू झालं आणि शेजारच्या चांगल्या दाताला कीड लागली. आता पदर लाजेचा राहिला नव्हता, वासाचा झाला होता. म्हणून ताई बैठकीला येत नव्हत्या.

मैत्रिणींनो, एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. रस्त्यावर बसून दात लावणाऱ्याकडे जाऊ नका. त्याची अवजारं उकळलेली नसतात. एकाच्या रक्ताला लागलेलं दुसऱ्याच्या तोंडात जातं, त्यातून कावीळ 'ब'सारखे आजार होऊ शकतात. तो एक्स-रे काढत नाही, त्यामुळे आत मूळ कसं आहे हे त्याला कळत नाही. आणि दोन चांगले दात खराब करून तो तिसरा दात उभा करतो. ताईंचे तीनशे रुपये पुढे कितीला पडले, ते ऐकालच.

आता प्रश्न आला पैशांचा. पुढच्या बैठकीत आम्ही विषय ठेवला, की ताईंना दातासाठी अंतर्गत कर्ज द्यायचं. लगेच दोन आवाज उठले. एक म्हणाली, "दात म्हणजे नटण्या-मुरडण्याचा खर्च. उद्या कोणी पावडर-लिपस्टिकला कर्ज मागेल." दुसरी म्हणाली, "दाढ असती तर ठीक, पुढच्या दाताने काय दळण दळायचंय?" बैठकीत शांतता झाली. मग आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क आजी बोलल्या, "मागच्या साली शेळीच्या औषधपाण्याला कर्ज दिलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. बाईच्या तोंडापेक्षा शेळी मोठी का गं?"

आम्ही दशसूत्री काढून वाचली. आपण दर बैठकीत म्हणतो ना, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब, आणि त्यानंतर सहावं सूत्र आरोग्याचं. दात आरोग्यात येत नसेल तर कशात येतो? पू होणारी हिरडी हा आजारच आहे. ठराव झाला. कर्जाचं कारण म्हणून वहीत 'आरोग्य' असं लिहिलं. आणि आजींनी एक अट घातली, "आधी चौकशी करा, मग पैसे काढा. बाजारातल्यासारखी घाई नको."

त्या चौकशीत आम्ही काय काय शिकलो, ते आता सांगतो.

आधी आम्ही तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथे दर समजून घेतले. मग छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघी जायला एकीचंच भाडं लागलं. असं शासकीय दंत महाविद्यालय मुंबईला आणि नागपूरलाही आहे. शिवाय जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, तिथेही तपासणी होते. कॉलेजात शिकणारे डॉक्टर काम करतात आणि मोठे डॉक्टर त्यांच्यावर लक्ष ठेवतात. खर्च खूप कमी येतो. पण वेळ लागतो, रांग असते, फेऱ्या जास्त होतात. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, डबा सोबत न्यायचा.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "दाताचं मूळ शिल्लक आहे का?" आम्ही तर नवा दात कोणता घ्यायचा हे विचारायला गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, "नवा दात नंतर. आधी जुना वाचतो का ते बघू."

मैत्रिणींनो, ही पहिली शिकवण लक्षात ठेवा. दात तुटला म्हणजे गेला असं नाही. थोडासा टवका उडाला असेल, तर दाताच्या रंगाचं सिमेंट भरून एका फेरीत काम होतं. तुटताना आतली नस उघडी पडली असेल, पण मूळ धड असेल, तर रूट कॅनॉल करतात. म्हणजे आतली खराब नस काढून जागा साफ करून भरतात आणि वरून कॅप बसवतात. आपलं मूळ जागेवर राहिलं की जबड्याचं हाडही टिकून राहतं. म्हणून कोणी 'उपटून टाका' म्हटलं, तर आधी विचारायचं, "डॉक्टर, एक्स-रे काढला का? मूळ वाचणार नाही का?"

ताईंच्या बाबतीत उशीर झाला होता. एक्स-रेत मूळच उभं चिरलेलं दिसलं. ते काढावंच लागणार होतं. हापशाचा दांडा लागला त्याच आठवड्यात एक्स-रे काढला असता, तर निदान शेजारचा दात तरी किडला नसता.

मग मॅडमनी कागदावर चित्र काढून रस्ते समजावले. आम्ही ते जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

पहिला रस्ता, काढता-घालता येणारा दात. गुलाबी रंगाची छोटी प्लेट असते, ती टाळूला बसते आणि तिला एक दात लावलेला असतो. कधी बाजूच्या दातांना धरायला बारीक तार असते. हा सगळ्यात स्वस्त. शेजारच्या दातांना सहसा घासावं लागत नाही. पण सुरुवातीला तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं वाटतं, बोलायची सवय व्हायला काही दिवस लागतात. रोज काढून ब्रशने धुवायचा, रात्री काढून पाण्यात ठेवायचा. गरम पाण्यात घालायचा नाही, प्लेट वाकडी होते. तोंडात ठेवून झोपायचं नाही, हिरडीला त्रास होतो आणि झोपेत गिळला जाण्याची भीती असते. काही वर्षांनी हाड झिजतं, प्लेट ढिली होते, तेव्हा दुरुस्त करावी लागते, नाहीतर नवी घ्यावी लागते. लवचिक प्लेटही मिळते. ती हलकी वाटते, पुढे तार दिसत नाही, पण महाग असते आणि तुटली तर दुरुस्त करणं अवघड जातं.

दुसरा रस्ता, ब्रिज. म्हणजे पूल. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात आणि त्या दोन कॅपच्या मध्ये खोटा दात जोडलेला असतो. एकदा चिकटवला की काढायचा नाही. आपल्या दातासारखाच वाटतो. नीट निगा राखली तर दहा वर्षं, त्याहून जास्तही टिकतो. पण हे कर्जाला दोन जामीनदार देण्यासारखं आहे. भार शेजारच्या दोन दातांवर पडतो. ते चांगले धडधाकट असले तरी घासावे लागतात आणि घासलेला दात परत वाढत नाही. त्याला आयुष्यभर कॅप लागणारच. उद्या जामीनदार दात किडला, तर सगळा ब्रिज काढावा लागतो.

याच ब्रिजचा एक धाकटा भाऊ आहे, पंखांचा ब्रिज. यात खोट्या दाताला मागून पातळ पट्टी असते, पंखासारखी. ती शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला चिकटवतात. शेजारचा दात फार कमी घासावा लागतो, कधी अजिबात नाही. पुढच्या दातांना हा चालतो, कारण दाढेइतका दाब तिथे पडत नाही. कधी निसटू शकतो, पण बहुतेक वेळा परत चिकटवता येतो. सगळ्यांच्या चावण्याच्या ठेवणीला तो बसत नाही, ते डॉक्टरच बघून सांगतात.

तिसरा रस्ता, इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू बसवतात. तो हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने देतात आणि मग वर दात बसवतात. शेजाऱ्यांना हातही लावत नाहीत, हा मोठा फायदा. स्वीडनच्या ब्रेनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात असे टायटॅनियमचे इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. म्हणजे हे काही काल-परवाचं खूळ नाही. पण खर्च सगळ्यात जास्त. हाड पुरेसं लागतं. साखरेचा आजार आटोक्यात नसेल, किंवा तंबाखू, मिश्री चालू असेल, तर इम्प्लांट बिघडण्याचा धोका वाढतो. आणि वाढत्या वयाच्या मुला-मुलींना तो बसवत नाहीत, कारण जबडा वाढत असतो आणि इम्प्लांट जागच्या जागी राहतो.

आता तुम्ही विचाराल, यातला चांगला कोणता? आम्हीही तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "चांगला असा एकच नाही. तुमच्या तोंडात काय शिल्लक आहे, त्यावर ठरतं." हे नीट कळावं म्हणून आमच्याच गटातली तीन घरं सांगतो.

पहिल्या आमच्या ताई. त्यांचा शेजारचा दात बाजारातल्या कामाने किडला होता. त्याला तसाही रूट कॅनॉल आणि कॅप लागणारच होती. म्हणजे ब्रिजसाठी चांगला दात घासण्याचं दुःख निम्मं झालं. वय ३४, रोज लोकांत बोलायचं काम. काढता-घालता दात त्यांना बैठकीत सांभाळणं नको होतं. त्यांनी ब्रिज ठरवला. पण लगेच नाही बरं का. दात काढल्यावर हिरडी आणि हाड बसायला वेळ लागतो. घाईने ब्रिज लावला, तर हिरडी खाली बसल्यावर खोट्या दाताखाली फट दिसते. म्हणून मॅडमनी तीन महिने साधी प्लेट वापरायला दिली. त्या तीन महिन्यांत ताईंचं तोंड उघडं राहिलं नाही, आणि हिरडीही बरी झाली.

दुसरी आमच्या एका सदस्याची लेक. वय १६. शाळेतून येताना सायकलवरून पडली, पुढचा दात गेला. घरच्यांना वाटलं, आता लग्नाच्या आत एकदाचा पक्का इम्प्लांटच करून टाकू. डॉक्टरांनी नाही म्हटलं. जबडा अजून वाढतोय. शेजारचे दात कोवळे आणि निरोगी, ते ब्रिजसाठी घासायचे नाहीत. तिला पंखांचा ब्रिज लावलाय. विशी ओलांडली की पुढचं बघू, असं सांगितलंय.

तिसऱ्या आमच्या आजी, ज्यांनी शेळीचा दाखला दिला त्या. त्यांचे वरचे पाच दात गेलेत, उरलेल्यांपैकी काही हलतात. हलणारा दात जामीनदार कसा होणार? त्यांना काढती-घालती कवळीच योग्य. उद्या आणखी एखादा दात पडला, तर त्याच कवळीत बहुधा वाढवता येतो. आजी म्हणतात, "माझा दात रात्री पाण्यात झोपतो आणि मी खाटेवर."

तीन घरं, तीन उत्तरं. तेव्हा शेजारणीने जे केलं तेच आपण करायचं, असं दाताच्या बाबतीत चालत नाही.

आता पैशांचं बोलू. आम्हाला तालुक्याला सांगितलेले दर असे होते. साधी प्लेट दीड ते दोन हजार. ब्रिज साडेतीन हजार. इम्प्लांट तीस हजारांच्या आसपास. तुमच्या भागात हे आकडे वेगळे असतील. पण यात एक गोम आहे. आम्ही ऐकलं 'ब्रिज साडेतीन हजार' आणि तेवढेच धरून आलो. नंतर कळलं, तो दर एका दाताचा आहे. ब्रिजमध्ये दोन शेजारी आणि मधला एक, असे तीन दात मोजतात. म्हणजे साडेदहा हजार. शिवाय रूट कॅनॉलचे वेगळे. म्हणून दर विचारताना असं विचारायचं, "डॉक्टर, सगळं मिळून किती? एक्स-रे, दात काढणं, रूट कॅनॉल, तात्पुरता दात, सगळं धरून कागदावर लिहून द्या." लिहून मागण्यात कसला संकोच? आपण हप्त्याची पावती मागतोच ना.

ताईंनी गटातून साडेदहा हजार घेतले, दर महिन्याला दोन टक्के, दहा हप्ते. मुद्दल दर महिना १,०५० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज २१०, मुद्दल कमी होत गेलं तसं व्याजही कमी, शेवटच्या महिन्याला फक्त २१. सगळं व्याज मिळून १,१५५ रुपये, आणि तेही आपल्याच गटात राहिलं. रूट कॅनॉल आणि दात काढणं कॉलेजात केल्यामुळे ते थोडक्यात भागलं, ब्रिज तालुक्याला केला. कॉलेजात तोही स्वस्तात झाला असता, पण तेवढ्या फेऱ्यांची मजुरी बुडाली असती. हा हिशोब प्रत्येकीने आपापला करायचा. फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी अधिक भाडं. ते धरल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय हे कळत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवलेत. तुम्हीही पेन घ्या, आम्ही सावकाश सांगतो.

एक, माझं मूळ वाचेल का?
दोन, शेजारचे दात किती घासावे लागतील?
तीन, एकूण किती फेऱ्या, किती महिने?
चार, दात तयार होईपर्यंत मधल्या काळात काय घालायचं?
पाच, सगळा खर्च मिळून किती?
सहा, निसटला किंवा तुटला तर काय करायचं, त्याचे पैसे किती?

आणि आपण न विचारता डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी. साखर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. आणि मिश्री लावत असाल तर तेही. लपवायचं नाही.

मिश्रीचं नाव निघालं म्हणून सांगतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. साडेदहा हजारांचा दात बसवायचा आणि त्याच्या मुळाशी रोज सकाळी तंबाखू चोळायची, याला काय म्हणायचं? आमच्या गटात सात जणी मिश्री लावायच्या. चौघींनी सोडली. तिघींचं चालू आहे, त्यांना आम्ही रागावत नाही, पण दर बैठकीत विचारतो.

रंगाचंही एक सांगतो. नव्या दाताचा रंग ठरवताना दिवसाच्या उजेडात आरसा धरून बघा. आणि त्याआधी बाकीचे दात डॉक्टरांकडून साफ करून घ्या. डागाळलेल्या दातांशी रंग जुळवला आणि नंतर दात साफ केले, तर नवा दातच वेगळा दिसतो. कॅपचा रंग नंतर बदलता येत नाही.

दात बसल्यावर काम संपत नाही. दोन वेळा ब्रश करायचा. ब्रिजच्या खोट्या दाताखाली अन्न अडकतं, तिथे बारीक ब्रशने किंवा डॉक्टर दाखवतील त्या दोऱ्याने साफ करायचं. पुढच्या दाताने ऊस सोलायचा नाही, कणीस कुरतडायचं नाही, पेरूचा लचका तोडायचा नाही. चिरून दाढेने खायचं. आणि शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनो, दोरा दाताने तोडायचा नाही. कात्री असते ना शेजारी.

जाता जाता एक फार महत्त्वाचं, खास लेकरांसाठी. खेळताना, पडून, पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो फेकू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. जमलं तर त्याच खाचेत बसवून रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर पेल्यात थंड दूध घ्या, त्यात दात ठेवा आणि दवाखाना गाठा. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचलात, तर तोच दात परत रुजण्याची चांगली आशा असते. दुधाचा दात असेल, तर तो मात्र परत बसवायचा नाही. ही गोष्ट माहीत असती, तर आमच्या त्या लेकीचा दात कदाचित आज जागेवर असता. तो तिच्या आईने कागदात गुंडाळून ठेवला होता, आणि दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नेला.

ताईंचं शेवटी काय झालं, ते सांगून थांबतो. ब्रिज बसला त्या आठवड्यात बैठक होती. त्यांनी राजीनाम्याची चिठ्ठी मागितली. आम्ही ती वहीत तशीच ठेवली होती, ठराव घेतलाच नव्हता. ताईंनी ती फाडली आणि मागच्या बैठकीचं प्रोसिडिंग वाचायला घेतलं. 'सदस्य', 'बचत', 'सर्वानुमते'. एकाही शब्दावर अडखळल्या नाहीत. जी हसली होती, तिनेच पहिल्यांदा टाळी वाजवली.

त्यांचे दहाही हप्ते वेळेवर फिटले. शेवटचा हप्ता भरताना त्या म्हणाल्या, "तीनशे रुपये वाचवायला गेले, आणि अकरा हजारांच्या वर गेले."

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. बचत गोळा झाली की एकमेकींना विचारा, कोणाचा दात दुखतो, कोणाचा तुटलाय, कोण पदर धरून बोलते. ती नाही म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. आणि तिच्यासोबत दवाखान्यात एकीने तरी जा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.